तुमचाच आहे, काका

नाशिकच्या इंदिरानगरहून स्कूटरवर मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचले की गेटपाशी एक गृहस्थ उभे दिसायचे. इगतपुरीजवळच्या खेड्यातले, भातशेती करणारे. त्यांचा मुलगा आणि पुतण्या पावसाळ्यात पुलावरून मोटारसायकलसकट वाहून गेले होते. दीड महिन्याने धरणाच्या काठी एक देह सापडला. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोलिसांनी हाडाचा तुकडा आणि या गृहस्थांचं रक्त आमच्याकडे पाठवलं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

हाड पाण्यात राहून खराब झालं होतं. नेहमीच्या डीएनए चाचणीत मोजक्याच खुणा धड मिळाल्या. त्या बापाशी विसंगत नव्हत्या, पण तेवढ्यावर काही ठरत नव्हतं. मग मी वाय गुणसूत्राची चाचणी केली. ती पूर्ण आली. बापाच्या रक्ताशी एकूण एक खूण जुळली.

हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळे आजोबा, बाप, काका, चुलत भाऊ या सगळ्यांचं सहसा सारखंच असतं. परका पुरुष त्यातून वेगळा काढता येतो, एकाच घरातले दोघे नाही. नव्या सहकाऱ्यांना हे मीच शिकवत आले होते. रिपोर्टातही मी तेच लिहिलं: हाड या गृहस्थांच्या पितृवंशातल्या पुरुषाचं आहे. उरलेल्या तुकड्यावर नेहमीची चाचणी पुन्हा करता आली असती. आठ-दहा दिवस लागले असते. पण गृहस्थ दिवसाआड येत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रिपोर्ट पाठवला त्या दुपारी त्यांनी मला गेटपाशी गाठलं.

"मॅडम, कागदातलं काय मला कळायचं नाय. माझाच हाय ना?"

नातेवाइकांशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

"तुमचाच आहे, काका," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. "पुतण्याचा अजून पत्ता नाय. वहिनीला काय सांगू?"

हे मी ऐकलं. ऐकूनही स्कूटर सुरू केली.

दिवाळीनंतर पाणी ओसरलं आणि दुसरा सांगाडा निघाला. चिखलात रुतल्यामुळे त्याचं हाड बरं राहिलं होतं. सोबत पुतण्याच्या विधवा आईचं रक्त आलं. आईकडे वाय नसतं, म्हणून नेहमीचीच चाचणी लावली. जुळली नाही. मी काकांच्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहिलं. हा त्यांचा मुलगा होता. मग पहिल्या हाडाचा उरलेला तुकडा काढला आणि पूर्वी टाळलेली मेहनत केली. तो त्या बाईंचा मुलगा निघाला.

आमच्या विभागाच्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी जुना रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "यात चूक काहीच नाही." खरंच नव्हती. पण त्या घरात रिपोर्ट कुणी वाचलाच नव्हता.

सुधारित कागद पोलिसांकडे गेल्यावर मी स्वतःहून त्यांच्या गावी गेले. कुणी पाठवलं नव्हतं. ओट्यावर काका होते, त्यांच्या वहिनी, पुतण्याची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोलिसांनी त्यांना आधीच कळवलं होतं.

"त्या दिवशी मी सांगितलं ते चुकीचं होतं," मी म्हणाले. "मला तेवढं ठाऊक नव्हतं, तरी बोलले."

 काका वहिनींना म्हणाले, "त्याला अग्नी मीच दिला ना, वहिनी. परक्यानं नाय दिला."

"व्हय भावजी." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी मी धाकल्या जावंला धरून बसले व्हते. तिला म्हणत व्हते, तुझा सापडला तरी, माझा तर पाण्यातच हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माझंच पोर व्हतं ते. मी त्याच्याकडं बघितलं बी नाय."

 आत धाकट्या जाऊबाई, काकांच्या पत्नी, रडत असल्याचं ऐकू येत होतं. एकाच मुलासाठी त्या दुसऱ्यांदा रडत होत्या, आणि पहिल्यांदा रडल्या त्या माझ्यामुळे.

निघताना माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "तुमी वाईटासाठी नाय बोलल्या." त्यांनी रागावायला हवं होतं. मी रस्त्यापर्यंत चालत आले आणि नाशिकच्या पहिल्या एसटीला हात न करता तिथंच उभी राहिले.