कपाळावरची पिवळी बोटं

मी भित्री बाई नाही. इतिहास शिकवते, म्हणजे मेलेल्या माणसांशीच रोजचा व्यवहार. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक कीव केल्यासारखं बघतात आणि ते मला अजिबात खपत नाही.

नरसी नामदेवच्या पुढं थोडं आत एक गाव आहे, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मी नोकरीला आहे. हिंगोलीहून रोज एसटीनं ये-जा करून कंबर मोडली, म्हणून गावातच खोली घेतली. घरमालकिणीला मी काकू म्हणते, ती मला मॅडम. तिचा मुलगा वसमतला अडत्याकडं कामाला, आठ-पंधरा दिवसांनी उगवणारा. घरात काकू आणि गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून. सून विशीतली. कामाला वाघीण, पण बोलणं नाही. मी विचारलं तर हसायची आणि पदर पुढं ओढायची. आणि हळदीच्या हंगामापुरती एक मावशी. ती विदर्भाकडून दरवर्षी एकटीच यायची, हळद शिजवायला. कढई कधी उतरवायची हे तिला वासावरनं कळतं, असं काकूच सांगायची, मोठ्या कौतुकानं.

पहिल्यांदा ऐकलं ते भर दुपारी. रविवार होता, मी पेपर तपासत बसले होते. आतल्या घरातनं कुत्रं भुंकलं. म्हटलं, मेलं शिरलं वाटतं सैपाकघरात. चप्पल उचलली आणि मागच्या दाराशी गेले. कुत्रं नव्हतं. उंबऱ्यावर सून बसली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर ठेवलेले, नजर समोरच्या भिंतीवर. आणि ती भुंकत होती. ओरडणं नव्हे, रडणं नव्हे. भुंकणं. मधे दम घ्यायला थांबायची, मग परत.

मी चप्पल खाली टाकली. त्या आवाजानं तिनं मान वळवली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, चहा टाकू का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, डोंबल! चहा चांगला झाला होता.

आठवडा गेला आणि मारुतीच्या देवळामागच्या घरातली सून भुंकायला लागली. मग नदीकडच्या आळीतली. वेळ तीच, जेवणं उरकून गाव आडवं होतं तेव्हाची. एका घरातनं सुरू व्हायचं, दुसऱ्या घरातनं उत्तर यायचं. गावातली खरी कुत्री तेवढ्या वेळात गप्प असायची, हे मी स्वतः बघितलंय. बायका दारं लावून घ्यायच्या. भानामती, असं पहिल्यांदा कोण म्हणालं कोणाला ठाऊक, पण एकदा म्हटल्यावर दुसरा शब्द कोणाच्या तोंडी राहिला नाही.

मी काकूला म्हटलं, "हिंगोलीला मनाच्या डॉक्टरला दाखवू. मी येते संगं."

"काहून? येडी हाय का ती?" काकू भडकली. "कोणीतरी करून राहिलंय, मॅडम. तुमाला न्हाई कळायचं, तुमच्यात न्हाई हे."

आमच्यात म्हणजे बौद्धांत. खरंच नाही. आमच्या घरी अंगारा-धुपारा माझ्या आजीनंच बंद केला होता.

योग असा की त्याच आठवड्यात वर्गात अमेरिकेच्या वसाहती आल्या. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी तिथली माणसं कशी जगत होती, हे मी दरवर्षी रंगवून सांगते, पोरांना आवडतं. प्रार्थनेचं घर आणि गावसभेचं घर एकच होतं, असं सांगितलं. "म्हंजे आपल्या मारुतीच्या सभामंडपासारखं," पोरं म्हणाली. जहाजाच्या भाड्यापायी काही वर्षं मालकाच्या घरी बांधून घेतलेले नोकर असायचे. "सालगडी, मॅडम!" बराबर, सालगडी. मत मात्र फक्त पुरुषांना, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर बराच काळ चर्चच्या सभासदालाच. मग मी तिथल्या पोरींचं सांगितलं. त्या आचके द्यायच्या, किंचाळायच्या, आणि गाव म्हणायचं की कुणीतरी चेटूक केलंय. मग संशयितेला धरून आणायचे आणि तिचा हात त्या पोरीला लावायला सांगायचे. पोरगी शांत झाली की संपलं. हिनंच घातलं होतं, म्हणून हिनंच काढून घेतलं. जिनं कबूल केलं ती बहुतेक वाचली. नाही म्हणत राहिलेल्या फासावर गेल्या.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हात लावल्यावर त्या खरंच शांत व्हायच्या?"

"व्हायच्या," मी म्हणाले. तेवढ्यात खिडकीतनं गावाकडचं भुंकणं आलं. वर्गातलं एकही पोरगं हसलं नाही. मीही फळा पुसायला वळले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी काकूच्या मळ्यात गेले होते. कढई नुकतीच उतरली होती, सगळीकडं वाफ आणि तो कच्चट गोड वास. मावशी शिजलेली हळद पसरवत होती. पाच-सहा बाया कामाला होत्या. सून घमेलं घेऊन आली आणि कढईपाशीच गुडघ्यावर बसली. घमेलं कलंडलं, भुंकणं सुरू झालं. बाया दोन पावलं मागं सरल्या. काकूसुद्धा. एकटी मावशी पुढं गेली. तिनं आपला ओला हात पोरीच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "उगी, लेकरा, उगी. मी हाय ना."

पोरगी गप्प झाली.

मावशीनं हात काढला तेव्हा कपाळावर पाच पिवळी बोटं उमटली होती. पुढं काय होणार ते कोणी बोलायच्या आधीच मला कळलं होतं. फळ्यासमोर उभी राहून मीच तर सांगितलं होतं. मी पदरानं ते कपाळ पुसायला गेले तर काकूनं माझा दंड धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "गावाला दावायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. पोरीचं कपाळ रात्रभर धुऊ दिलं नव्हतं. मावशीला खांबाजवळ पोत्यावर बसवलं होतं. पोलीस पाटील म्हातारे, मवाळ बोलणारे. जादूटोण्याचा कायदा मला माहीत होता, त्यांनाही माहीत होता, म्हणून तर ते इतकं गोड बोलत होते. मी ठाण्याला फोन केला होता. येतो म्हणाले होते. रस्त्यावर अजून धूळ उठली नव्हती.

"मावशे, कोणी तुला बोट लावणार न्हाई," पाटील म्हणाले. "फकत व्हय म्हण. घातलं तसं काढून घे. पोरींची तकलीफ संपल, तुबी सुटशील."

आणि नाही म्हटलं तर तिथल्या तिथं गावाबाहेर, भांड्याकुंड्यासकट, हे त्यांना बोलायची गरज नव्हती. गावातली पोरं आधीच तिचं गाठोडं घेऊन आली होती. आणि हो म्हटलं तर? शेजारच्या गावात एक बाई अशीच हो म्हणाली होती. ती शिवेवर राहते. कोणाची म्हैस आटली तरी तिचंच नाव निघतं.

मावशी माझ्याकडं वळली. "बाई, म्हणून टाकते. हंगाम तरी पुरा व्हईल."

"खबरदार," मी म्हणाले. "एकदा म्हटलं की मरेपर्यंत तेच राहतं."

तेवढ्यात सून भुंकायला लागली. पाटील म्हणाले, "लाव हात. सगळ्यांसमोर लाव. दूध का दूध व्हऊ द्या."

"थांबा!" मी उठले. "आधी बाकीच्यांनी लावायचा. कोणाचाही हात लागला की ती गप्प होते का, हे बघू ना. काकू, तुम्ही लावा. तुमचीच सून आहे."

काकूनं हात पदराखाली घेतला. मी एकेकीकडं बघत गेले. ज्या बाईकडं बघावं तिचा हात लपायचा. काखेत, पदरात, लेकराच्या मागं. सगळ्यांना एकच भीती होती. गप्प झाली तर? आणि ती पोरगी मधे बसून भुंकत होती, घसा फाटेस्तोवर.

मग मीच गेले. खरं सांगते, हात पुढं करताना मला काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं. ती गप्प नाही झाली तर मावशी मेली. झाली तर... मी हात ठेवला. वाळलेली हळद तळव्याला खरखरीत लागली. खाली कपाळ चटका बसेल इतकं तापलेलं.

ती गप्प झाली. डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार माझ्या हातावर टाकला.

"बघा," मी म्हणाले, "माझ्यानंही थांबलं! आता तुम्ही लावा. लावा ना!"

कोणी हललं नाही. पाटलांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग मावशीकडं न बघताच म्हणाले, "मावशे, तू जा."

बाहेर पडताना मला वाट करून दिली ती गरजेपेक्षा किती तरी रुंद होती.

मावशी दुपारच्या एसटीनं गेली, तोवर ठाण्यावरनं कोणी आलं नव्हतं. हंगाम अर्धाच राहिला. फाट्यावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "बाई, कोणी कितीबी गोड बोललं तरी कबूल करू नका." मी हसले होते तेव्हा.

त्या दिवसापासून गावातलं भुंकणं थांबलं. तिन्ही घरांतलं, एकदम. याहून वाईट काय होणार होतं! आता गावाची खात्रीच पटली, मीच घातलं होतं आणि मीच काढून घेतलं. वर्गात पुढचे बाक रिकामे पडले. मुलींच्या गळ्यात काळे दोरे आले. काकू मला जा म्हणाली नाही, भाडंही वाढवलं नाही. फक्त माझा चहा एका वेगळ्या कपात यायला लागला, कान तुटलेल्या. वेगळा कप माझ्या आजीला ओळखीचा होता. मी तो इतिहास म्हणून शिकवत होते. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी तो चहा रोज शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

दुपारी मात्र सून यायची. घर झोपलं की माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि काही न बोलता माझा हात ओढून डोक्यावर ठेवायची. एकदा मी विचारलं, "काय होतं गं तुला?"

"काही न्हाई. बरं वाटतं," ती म्हणाली. "आल्यापासून ह्या घरात कोणी हातच लावला न्हाई मला. कामच सांगतेत लांबून."

परवाची गोष्ट. ती अशीच बसली होती, माझा हात तिच्या केसांवर. मागं पावलं वाजली. काकू दारात उभी होती, हातात तोच कप. ओरडली नाही. खाली बसली, कप माझ्यापुढं ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "मॅडम, एकडाव म्हणून टाका ना. व्हय म्हणा फकत. घरातलंच हाय, भाईर जाणार न्हाई. कोणी तुमाला बोट लावणार न्हाई."

"नाही," मी म्हणाले.

काकू हसली आणि थोडी पुढं सरकली. "म्हणा हो."

तेव्हा माझ्या हाताखाली काहीतरी थरथरलं. सुनेनं मान वर केली, सासूकडं तोंड केलं आणि भुंकली. एकदाच, हळू. काकू उठून मागं मागं गेली, भिंतीला लागेपर्यंत. मी हात काढला नाही.