ओट्याला लावलेली गाडी

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दुधाच्या गाडीवाल्या काकांचं नाव घेतो. नाव म्हणजे एवढंच. आमच्या भागात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो ते काकांच्या पिकअपमुळे. सकाळच्या एसटीने गेलं की पहिले तास बुडायचे. काका गावोगावचं दूध गोळा करत शहराकडे निघत. एकदा मी फाट्यावर ताटकळत उभा होतो, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "कालेजला ना? चढ मागं." पदवी हातात पडेपर्यंत मी गाडीच्या मागच्या हौद्यात, कॅनांच्या मधे बसून गेलो. भाडं विचारलं तर म्हणत, "दुधाला तिकीट न्हाई, तुला कसलं? बस गुमान. पुस्तक काढ."

वाटेतल्या प्रत्येक गावाबाहेर रस्त्याकडेला एक दगडी ओटा होता. लोक आपापले कॅन आधीच ओट्यावर आणून ठेवत. काका गाडी अशी लावत की ओटा आणि हौदा यांच्यात बोटभर फट राहत नसे. मग कॅन नुसता सरकवायचा. भरलेला कॅन उचलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

हे सगळं यंदा पुन्हा आठवलं ते बायकोमुळे आणि तिच्या खुर्चीमुळे.

बायको कांदिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते. मुंबईतच वाढलेली, बोलायला फटकळ, वर्गात कडक. गेल्या वर्षी नसांच्या आजाराने तिचे पाय गेले. हातांत जोर राहिला तो खडू धरण्यापुरता आणि खुर्चीचं बटण दाबण्यापुरता. खुर्ची बॅटरीवर चालते. तिची घडी होत नाही, आणि ती रिक्षात किंवा टॅक्सीच्या डिकीत मावत नाही. घडीची हलकी खुर्ची घेतली असती तर शाळेत दिवसभर ढकलायला माणूस लागला असता, आणि शाळेने ते आधीच नाकारलं होतं.

मुख्याध्यापिका वाईट नाहीत. त्या आमच्या दिंडोशीच्या घरी आल्या, चहा घेतला, तिचा हात हातात धरला आणि म्हणाल्या, "बाई, आम्हाला तुम्ही हव्या आहात. पण दहावीचा वर्ग थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला तुम्ही वर्गात हव्यात. नाही जमलं तर मला दुसऱ्या कायमच्या बाई घ्याव्या लागतील."

त्या गेल्यावर बायकोने खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "मी घरी बसले ना, तर मी उरणारच नाही रे."

मी भाड्याचा टेम्पो ठरवून पाहिला. पहिल्यांदा टेम्पोत खुर्ची, रिक्षात आम्ही दोघं, असं हॉस्पिटलला जाऊन आलो. दुसऱ्यांदा सकाळी फोन आला, "साहेब, शिफ्टिंगचं मोठं भाडं आलंय, उद्या येतो ना." तिसऱ्यांदा फोनही आला नाही. रोज पहिल्या तासाला पोचायचं तर गाडी स्वतःची हवी, हे तेव्हा कळलं. खुर्ची आत बसेल अशी बदलून घेतलेली मोटार मिळते, पण ती आमच्या आवाक्याबाहेरची होती. उरला तो पिकअप. शिवाय घरातलं जड सामान, तांदळाचं पोतं, गॅस, दुरुस्तीला जाणारी इन्व्हर्टरची बॅटरी, हे सगळं पूर्वी तिच्या स्कूटरवर यायचं. मला स्कूटर नीट जमत नाही. तेही काम होणार होतं.

पवईचं ऑफिस सुटलं की मी साकीनाक्याच्या बाजूला शोरूम पालथी घालू लागलो. माझ्या डोक्यात रोजचा फेरा होता: दिंडोशीहून कांदिवली, तिला सोडून हायवेने परत खाली, मग लिंक रोडने पवई, आणि संध्याकाळी तेच उलटं. एवढं चालायचं तर ॲव्हरेज देणारी गाडी हवी. नाही तर दोघांचा पगार इंधनात जाणार आणि सहा महिन्यांत गाडी उभी राहणार.

"सर, लोड काय असतो तुमचा?" एका विक्रेत्याने विचारलं.

"बायको आणि तिची खुर्ची."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला, मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "फर्निचरचा धंदा आहे का?" त्याने हळूच विचारलं.

चार दारांचा मोठा डिझेल पिकअप दिसायला झकास होता. खासगी गाडी म्हणून पांढरी नंबर प्लेट मिळाली असती आणि सोसायटीत कुणी बोललं नसतं. पण त्याचा हौदा माझ्या कमरेच्याही वर होता आणि ॲव्हरेज ऐकून घाम फुटला. बॅटरीवरचा टेम्पो सगळ्यांत स्वस्तात पळणारा, पण चार्जिंगसाठी वायर ओढायला सोसायटी परवानगी देईना. राहिला छोटा सीएनजी पिकअप. दोन माणसांचा, मालवाहू म्हणून पिवळ्या प्लेटचा, हौदा बुटका, तिन्ही बाजूंचे फाळके, म्हणजे कठड्याच्या फळ्या, खाली पडणारे. ॲव्हरेज उत्तम.

काकांना आता नीट ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही. म्हणून मी पत्र लिहून विचारलं. नातीच्या अक्षरात उत्तर आलं: "डिझेलच घे. ग्यासची गाडी म्हणजे खेळणं. गाडीला वजन पाहिजे, न्हाईतर घाटात मागं येती." मी त्यांचं ऐकलं नाही. दिंडोशी ते कांदिवली घाट नाही.

मी खुर्चीची लांबी, रुंदी, वजन, चाकांतलं अंतर, सगळं मोजलं. हौद्यावर चढवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांचा उतार करून घेतला. बायकोला शोरूमला नेता येत नव्हतं. नेण्यासाठीच तर गाडी हवी होती. शाळा सोमवारी उघडणार होती आणि गाडी शुक्रवारी आली. शेजारच्या काकूंनी टायरखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. मी खुर्ची हौद्यात चढवून दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खुर्ची उतरवली, बायको तिच्यात बसून गाडीच्या दाराशी आली, आणि मी दार उघडलं.

बसायची सीट तिच्या खांद्याशी होती.

या गाडीत सीट पुढच्या चाकाच्या वर असते. पायरीवर पाय देऊन, दांडा धरून वर चढावं लागतं. मी खुर्चीची सगळी मापं घेतली होती. हिची एकही घेतली नव्हती. मी तिला काखेत धरून उचलायला गेलो. अर्ध्यात माझी कंबर लचकली आणि आम्ही दोघं पायरीला टेकून तसेच अडकलो. काकूंनी आणि वॉचमनने तिला परत खुर्चीत बसवलं. पेढ्याचा बॉक्स हौद्यात उघडा पडला होता.

"मला मागे टाका आणि वर ताडपत्री घाला," ती म्हणाली. कुणी हसलं नाही, म्हणून तीच म्हणाली, "जोक होता."

घरात आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. "गाडी परत कर. नाहीतर भाजीचा धंदा कर. माझं सोड."

मी शनिवारी सकाळी त्या गाडीभोवती नुसता फिरत होतो. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "हा टेम्पो इथे नाही चालणार हं. गेटवरचा बोर्ड वाचा."

"अहो, घरच्या वापराचा आहे."

"पिवळी प्लेट आहे ना? आज तुमचा टेम्पो, उद्या पाणीपुरीवाल्याची गाडी लागेल. जनरल बॉडीत मलाच शिव्या पडतील."

"मग तिला मी रोज कुठून चढवू?"

त्यांनी पंपरूमकडे बोट केलं. "सामान चढवायला-उतरवायला टेम्पो आत येऊ शकतो. नियमच आहे तसा. पंपरूमजवळ आणा, खुर्ची चढवा, न्या बाहेर. उभा करायचा नाही."

पंपरूमजवळ सुक्या कचऱ्याचे ड्रम ठेवलेला एक सिमेंटचा ओटा होता. गुडघाभर उंच. मी इतकी वर्षं तो पाहत आलो होतो आणि पाहिला नव्हता. ड्रम हलवले, ओटा धुतला. लोखंडी उतार ओट्याला लावला आणि घरात जाऊन तिला म्हणालो, "एकदाच चल."

"कशाला? पुन्हा पडायला?"

"उचलणार नाही. सरकवणार आहे."

ती माझ्याकडे असं पाहत राहिली, जसं वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहत असेल. पण आली. खुर्ची उतारावरून ओट्यावर चढली. मी गाडी मागेपुढे करत ओट्याशी आणली. डाव्या अंगाला खर्रकन आवाज झाला आणि नवा रंग गेला. दार उघडलं ते ओट्याच्या वरून मोकळं फिरलं. आता सीट आणि खुर्ची जवळजवळ एका पातळीत होत्या. मधे एक गुळगुळीत फळी ठेवली. मी तिला आधार दिला आणि ती इंच-इंच सरकत आत गेली. मग बाजूचा फाळका पाडून खुर्ची ओट्यावरूनच हौद्यात घेतली.

ती समोरच्या काचेतून पंपरूमची भिंत बघत बसली होती. "उंच आहे रे इथून," ती म्हणाली. मग, "पण तिकडे उतरवणार कसं?"

शाळेच्या पोर्चला तसंच गुडघाभर जोतं आहे आणि शेजारी उतारही, असं तिनेच आठवून सांगितलं. आम्ही त्यावर विसंबलो.

सोमवारी हायवेला गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. ती दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होती आणि मी तिला बघू नको म्हणत होतो. शाळेच्या गेटवर नवा वॉचमन होता. त्याने काठी आडवी धरली.

"टेम्पो मागच्या गेटने. कॅन्टीनचा माल तिकडून जातो."

"आत टीचर आहेत."

"टीचर पुढून, टेम्पो मागून."

"अरे, टीचर टेम्पोतच आहेत ना!"

"मला ऑर्डर आहे, साहेब. पुढे स्कूल बस येतात."

मागे बसचे हॉर्न सुरू झाले. मी खाली उतरून त्याच्याशी भांडणार होतो. मुख्याध्यापिकांना बोलवा म्हणणार होतो. हात जोडायचीही तयारी होती. तिने माझी बाही धरली. तिच्या हातात जोर नाही, तरी मला ती पकड जाणवली.

"मागे घे. वेळ नाही."

"तू कॅन्टीनच्या गेटने जाणार?"

"माल म्हणून का होईना, पोचव मला."

मागच्या गेटला पाव आणि दुधाचे क्रेट उतरवत होते. तिथे भिंतीला लागून लांब ओटा होता आणि ओट्यावरून ट्रॉली आत न्यायला उतार होता. गाडी ओट्याला लावली. डावी बाजू पुन्हा घासली. खुर्ची हौद्यातून ओट्यावर आली, फळी टाकली, तिच्यावरून बायको सरकत खुर्चीत आली. क्रेट उतरवणारे दोघे बाजूला होऊन थांबले. तिने पदर सारखा केला, बटण दाबलं, आणि घंटा झाली तेव्हा ती कॉरिडॉरच्या वळणावर होती.

त्याच आठवड्यात मी काकांना पत्र लिहिलं. ते असं:

"काका, नमस्कार.

तुमच्या नातीने हे पत्र तुम्हाला मोठ्याने, कानाशी वाचून दाखवावं.

तुम्ही डिझेल घे म्हणालात, मी गॅसची घेतली. रागावू नका. ॲव्हरेज चांगलं देते, पण पंपावर रांग इतकी असते की तुमचं दूध तिथेच फाटलं असतं.

तुमची सूनबाई रोज शाळेत जाते. पहिल्या दिवशी घंटेच्या आत वर्गात पोचली नाही, घंटा वाजता-वाजता पोचली. मी कॅन्टीनपाशी उभा होतो. पोरांचा 'गुड मॉर्निंग टीचर' असा मोठा आवाज आला, आणि मग ती ओरडली, 'बसा, वह्या काढा.' मुख्याध्यापिका म्हणाल्या की हे सत्र संपेपर्यंत बघू. म्हणजे अजून पक्कं काही नाही. रोज सकाळी आम्ही दोघं तेवढ्यासाठी घाबरलेले असतो. सोसायटीत गाडी उभी करू देत नाहीत. सोसायटीमागच्या टेकडीच्या रस्त्यावर लावतो आणि सकाळी काच शाबूत आहे का ते आधी बघतो. शाळेतही आम्हाला मालाच्या गेटनेच जावं लागतं. ती म्हणते, चालेल. मला चालत नाही, पण गाडी तिकडेच वळवतो.

तिला मी उचलत नाही, काका. ओट्यावरून सरकवतो. तुम्ही कॅन सरकवायचात तसं. हौद्यात बसून मी पुस्तक वाचत होतो असं तुम्हाला वाटायचं, पण बऱ्याचदा मी तेच बघत असायचो.

एक विचारायचं आहे. ओट्याला गाडी लावताना तुमची कधी घासली नाही. माझी रोज घासते. डाव्या बाजूचा रंग पार गेला आहे आणि ती म्हणते की माझा जीवही एके दिवशी असाच जाईल. तुम्ही आरशात बघायचात, की मागच्या चाकाकडे? नातीला सांगून तेवढं लिहून कळवा. उद्या सकाळी पुन्हा लावायची आहे."