माझ्या हातची गोळी

मालकीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट अंगणात फेकलं. हातात दिलं नाही, फेकलं. गोठ्यातून वाहत आलेल्या शेणपाण्यात ते पडलं.

"उचल," त्या म्हणाल्या. "कामाच्या आधी गोळी पायजे हिले. कुत्रं बरं हिच्यापरीस, भाकर टाकली तं शेपूट तरी हालवते."

मागे फाटकाशी चौदा बाया उभ्या होत्या. मीच आणलेल्या. हातात विळे, काखेत भाकरीची फडकी. माझी निंदणाची टोळी. सगळ्या बघत होत्या. मी वाकले. पाकीट उचललं, पदराला पुसलं, एक गोळी काढून तिथंच कोरडी गिळली. बाकीच्या कंबरेच्या पिशवीत घातल्या आणि बायांकडे वळून म्हणाले, "चला व, ऊन चढून राह्यलं."

त्या दिवशी मला राग आला नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं ते असंच आहे. राग यायला अंगात जागा लागते. माझ्या अंगात तेव्हा एकच गोष्ट होती, गोळी लागू व्हायची वाट. त्या फाटकाशी माझी धाकटी जाऊही उभी होती. रेखा. पाठीला तिची सहा महिन्यांची पोर बांधलेली. तिनंही मला वाकताना पाहिलं. तिच्याकडे मात्र मी पाहिलं नाही.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या जवळ. माझं काम बाया सांगायचं. म्हणजे रोज संध्याकाळी पाच वाजले की घरोघर जायचं आणि उद्या कोणाच्या वावरात जायचं ते सांगायचं. सकाळी सगळ्यांना गोळा करून वावरात पोचवायचं आणि त्यांच्यासोबत स्वतःही राबायचं. मोठ्या जमीनवाल्यांना अशी एक बाई लागतेच. टोळी माझ्या शब्दावर यायची. मी म्हटलं की बाया यायच्या, मी थांबा म्हटलं की थांबायच्या. याचा मला गर्व होता. कोणी वाटेत भेटलं आणि "काकू, उद्या कुठं?" म्हणालं की माझी मान ताठ व्हायची.

गोळी मालकांच्या घरून आली. माझं कंबरडं धरलं होतं, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "ताकदीची हाये, घे." घेतली. अर्ध्या तासात दुखणं गेलं, वर मन हलकं झालं. वाटलं, चार एकर एकटीच निंदून टाकीन. मग त्यांनी पिशवीच दिली. "दुपारच्या चहासंगं एकेक देत जाय बायाईले. ज्या दमल्या त्याईले." मी दिली. कोणी विचारलं तर मी म्हणायचे, "ताकदीची हाये." त्यांचेच शब्द. गोळी खाल्लेली बाई दुपारनंतरही ओळ सोडत नाही. मालक खूश, मालकीणबाई खूश. पिशवी माझ्या कंबरेला असल्यानं मीही खूश. कोणाला किती द्यायची हे मी ठरवायचे. हा मोठेपणाच होता, नाही कसं म्हणू?

रेखाची पाठ बाळंतपणापासून दुखायची. "ताई, उठवत नाही वो मले," ती म्हणाली. मी गोळी दिली. ती अंगावर पाजत होती. ते मला ठाऊक होतं, मी रोज बघत होते.

वावरात बाभळीखाली झोळी बांधायचो. रेखाची पोर, छकुली, त्यात झोपायची. आधी दर तासाला रडायची, रेखाला विळा टाकून धावावं लागायचं. गोळी सुरू झाल्यावर पोर झोपू लागली. दुपार दुपार झोपायची. बाया म्हणायच्या, "किती गुणाची पोट्टी हाये व. आईले काम करू देते." मीही म्हणायचे.

मला समजत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पूर्ण समजत नव्हतं, पण शंका आली होती. झोळीजवळ जाऊन मी एकदा तिच्या तळपायाला चिमटा काढला होता. पोर कुरकुरली आणि पुन्हा झोपली. मी मागे आले आणि ओळीला लागले. त्या चिमट्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही.

मग छकुली दूध सोडू लागली. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. दृष्ट काढायला मलाच बोलावलं. मी मीठ-मोहऱ्या घेतल्या, पोरीवरून ओवाळल्या, चुलीत टाकल्या. सगळे तडतड ऐकत बसले. माझ्या कंबरेला पिशवी, पिशवीत गोळ्या, आणि मी दृष्ट काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर उठेचना. ओठ निळसर पडले होते. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला नळी लावली आणि विचारलं, "आई काही औषध घेते का? कुठलीही गोळी?"

रेखानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

थोड्या वेळानं मालकीणबाईंचा फोन आला. "आपल्या घराचं नाव काढू नको तिथी. गोळीचंबी नको. पोट्टीले नजरच लागली असन." मी "हाव" म्हणाले. पण त्यांच्यावर ढकलून मला सुटता येत नाही. त्यांनी सांगायच्या आधीच मी खोटं बोलून बसले होते.

दुपारपर्यंत डॉक्टर अंधारात चाचपडत राहिल्या. माझ्यामुळे. रेखा वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला घाम सुटला होता, एकामागून एक जांभया येत होत्या. ती माझ्या कानाशी आली. "ताई, एक दे ना. आंग फुटून राह्यलं."

तिची पोर आत नळीवर, आणि ती गोळी मागत होती. मी काही बोलायच्या आधीच माझा हात कंबरेच्या पिशवीत गेला. गोळी बाहेरही आली. तिनं हात पुढे केला.

तो हात बघितला आणि मला माझं अंगण दिसलं. म्हणजे मालकीणबाईंचं. रेखा हात पसरून उभी आणि देणारी मी. त्या दारात मी कुत्रं होते, इथं मी मालकीण झाले होते. तेव्हा राग आला. इतक्या दिवसांचा सगळा आला, आणि तो आधी माझ्यावरच आला.

मी आत गेले आणि पिशवी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी केली.

"ह्या गोळ्या मी देल्ल्या पोट्टीच्या मायले. चार महिने झाले. मघाशी मी खोटं बोलली."

त्यांनी पाकीट वाचलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ही अफूच्या जातीची, दुखण्याची गोळी आहे," त्या म्हणाल्या. "हिची सवय लागते. आईच्या दुधातून बाळात उतरते. सकाळीच सांगितलं असतंत तर?" मग त्या छकुलीकडे धावल्या.

छकुली वाचली. चार दिवस दवाखान्यात होती. रेखा तिला घेऊन माहेरी, साखरखेर्ड्याला गेली.

डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासलं. म्हणाल्या, एकदम बंद करू नका, मी लिहून देते तशी कमी करत जा. त्रास होईल. तेवढ्या वेळात मन दुसरीकडे लावा.

त्रास झाला. भर उन्हात अंगावर काटा यायचा. नाक वाहायचं, पोट बिघडायचं, पायांच्या आतून किडे फिरल्यासारखं व्हायचं. पडून राहिलं तर जास्त. मन दुसरीकडे लावायचं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घरच्यांनी मोबाईल दिला, त्यातली चित्रं डोळ्यांपुढून नुसती सरकली. जप करून पाहिला. देवाचं नाव घेतलं की छकुलीचे निळे ओठ दिसायचे. तूर निवडायला घेतली, हात थरथरून सूप सांडलं. अंगण सारवायला घेतलं. एकदा सारवलं, वाळायच्या आत पुन्हा सारवलं. शेजारीण हसली, "अंगण सारवून राह्यली का खोदून राह्यली व?" मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं. हसताना पायातले किडे थांबले होते, हे नंतर लक्षात आलं.

शेवटी हाताला लागली ती गोधडी. जुन्या लुगड्यांची. तिचा नियम केला: ही ओळ टोकापर्यंत गेल्याशिवाय गोळीचा विचार करायचा नाही. ओळ संपली की पुढची धरायची. टाके वाकडे पडायचे, बोटांना सुई टोचायची. पण एका ओळीपुरतं मी निभवायचे. अशा ओळीओळीनं दुपारी गेल्या.

पाच वाजले की मात्र गोधडीही चालायची नाही. ती माझी बाया सांगायची वेळ. पाय आपोआप दाराकडे वळायचे आणि त्याच वेळी गोळीची ओढ सगळ्यात जास्त लागायची. एका संध्याकाळी नाही राहवलं. उठले आणि निघाले. कुठे ते माहीत नव्हतं. पाय त्याच गल्लीत गेले, पहिल्या दाराशी थांबले.

आतून वंदना आली. माझ्या टोळीतली, सगळ्यात जुनी. "काकू, उद्या कोणाच्या वावरात?"

माझ्याकडे सांगायला काम नव्हतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "वंदना, मी तुले दुपारी द्यायची ना ती गोळी, ती ताकदीची नव्हती. छकुली तिच्यानंच मरत होती. मी देल्ली."

वंदनानं उंबऱ्यावर हात टेकला. मग म्हणाली, "मंग मले सकाळी उठल्यावर आंग काऊन थरथरते, ते त्याच्यानं का?"

"हाव."

तिनं दार लावून घेतलं.

मी पुढच्या दारी गेले. तिथंही तेच सांगितलं. रोज पाच वाजता निघू लागले, कारण घरात बसवत नव्हतं. चालताना पाय शांत व्हायचे. सांगत असताना, तेवढ्या वेळात, गोळी आठवायची नाही. हा माझा सगळ्यात कामाला आलेला विरंगुळा. याची मला लाज वाटते. लोकांपुढे गुन्हा कबूल करायचा आणि त्यातून आपल्याच जिवाला आराम मिळवायचा, याला काय म्हणावं? कोणी शिव्या दिल्या. एकजण म्हणाली, "तवा मान ताठ करून वाटत होती, आता रडून राह्यली." तिचं बरोबर होतं. वंदना आठ दिवसांनी स्वतः माझ्या दारी आली. तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. मी त्यांना बुलढाण्याला घेऊन गेले, त्याच डॉक्टरीणबाईंकडे.

कापूस फुटला तसं मालकांकडून बोलावणं आलं. मी गेले नाही. मग मालकीणबाईच गाडी घेऊन आमच्या दारात आल्या. खाली उतरल्या नाहीत, काच खाली केली.

"गावभर काय सांगत फिरून राह्यली तू?"

"जे झालं ते."

"वाटल्या कोणी? तुह्याच हातानं ना? उद्या चौकशी झाली तं तुहंच नाव येईन पह्यलं."

याच गोष्टीची भीती मला दवाखान्यात होती. तेव्हा त्या भीतीनंच माझं तोंड बंद केलं होतं. मी गाडीजवळ गेले.

"हाव. माहं नाव येऊ द्या. पह्यलं येऊ द्या. मंग दुसरं कोणाचं ते मी सांगीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आला. "बाया पाठवशीन का नाही? कापूस लोंबून राह्यला."

"बाया येतीन. गोळी येणार नाही. ज्याची पाठ दुखन, ती बसन. भर दुपारी समद्या सावलीत बसतीन. तुमच्या अंगणातून कोणी काही उचलणार नाही. कबूल नसन तं कापूस तुम्हीच येचा."

काच वर गेली. गाडी निघून गेली. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या गावची टोळी आणली.

रेखा दिवाळीनंतर परत आली. तिचीही गोळी सुटली, माझ्या आधीच सुटली. छकुली आता रांगते, खूप रडते, घर डोक्यावर घेते. माझ्याकडे आली की रेखा तिला उचलून घेते. मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. माफी मागून मी तिच्यावर आणखी एक काम टाकीन, मला हलकं करायचं.

माझी गोळी सुटून आता काही महिने झाले. पाच वाजता अजून जीव ओढतो. मालकांनी आणलेली टोळी कुठल्या गावची ते मी विचारून घेतलंय. नांदुऱ्याच्या पलीकडची आहे. त्या बायांच्या हातात दुपारच्या चहासोबत काय पडतं ते मला माहीत आहे, आणि त्यांच्यातही कोणीतरी कंबरेला पिशवी बांधलेली असणारच. उद्या मी त्या गावात जाणार आहे. तिथं मला कोणी ओळखत नाही, मालकांचे लोक असतील, मारही पडेल. पहिल्या दारात काय बोलायचं ते मात्र ठरलंय. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायच्या आधी मी म्हणणार आहे, "बाई, मी गोळ्या वाटत होती."