दुसरा पेनड्राइव्ह एसटीने येतोय

डहाणूपासून तलासरीपर्यंत पेनड्राइव्हला माणसासारखं आणि माणसांना पेनड्राइव्हसारखं वागवणारा एकच इसम आहे, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आलाय. घोलवडला त्याची चिकूची वाडी. वाडीच्या कामाला म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि माणूस कामातून गेला. एकदा घाईत पेनड्राइव्ह उपटला, आतली फाइल खराब झाली, त्याचा धसका अजून गेलेला नाही. आता पेनड्राइव्हवर थेट एक अक्षर लिहीत नाही. आधी कॉम्प्युटरमध्ये लिहायचं, तिथेच सेव्ह करायचं, फाइल बंद करायची, मग तिची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायची. "घरात शिजवायचं दादा, डब्यात फक्त भरायचं," असं मला चौथी शिकलेल्याला समजावतो. मग कॉम्प्युटरला विचारायचं, काढू का? तो काढा म्हणाला तरी हा बसून राहतो. म्हणे, "तोंडावर हो म्हणतात, आत काम चालू असतं."

एवढ्यावर थांबला असता तर मी लिहायला बसलोच नसतो. रिक्षा थांबली तरी हा उतरत नाही, इंजिनाची थरथर संपू देतो. मागची माणसं खोळंबतात, रिक्षावाला गुजरातीत ओरडतो, "काका, उतरो ने हवे!" त्याच्या घरी पंगतीत शेवटच्याचा घास पोटात पोचल्याशिवाय कुणी उठायचं नाही. तलासरीला एका लग्नात अंतरपाट याच्या हातात दिला, तर सोडेचना. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, भटजी खेकसले, तर म्हणतो, "थांबा, भोंग्यातला आवाज यायचाय अजून."

आमची ही आजारी होती तेव्हा तिने हळदीची आणि पाठवणीची गाणी सांगितली, आणि साडूने एका बोटाने टाइप केली. आता नातीचं लग्न ठरलं, तर ती गाणी येणारी बाई घरात उरली नाही. मला एक ओळ येत नाही. बायका गायच्या तेव्हा आम्ही मांडवाबाहेर पत्ते कुटत असायचो. तिची म्हणून जी गाणी होती ती तेवढ्या फाइलीत.

छापून आणायला डहाणू रोडला निघालो. साडू आणि मी रिक्षाने. माझ्या मेहुणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्याने तीच फाइल भरलेला दुसरा पेनड्राइव्ह देऊन एसटीत बसवलं. एकाच गाडीत दोन्ही नको, अपघात झाला तर?

साडू रिक्षातून उतरेपर्यंत मी दुकानात पोचलो होतो. दुकानदाराने माझ्याकडचा पेनड्राइव्ह घेतला, फाइल त्याच्यावरच उघडली, अक्षर मोठं केलं, सेव्ह होतंय तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून खस्सकन उपटला. परत लावून उघडतो तर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिला एकदा जाळून आलो होतो, आता परत, असं वाटलं.

साडू आत आला. रागावला नाही. दुकानदाराला म्हणाला, "त्याच्या तोंडातला घास ओढलास रे तू." मग माझ्याकडे वळून, "घाबरू नका दादा, दुसरा एसटीने येतोय."

एसटी आली, मेहुणी दुकानात शिरली ती तणतणतच. "दोघांनी रिक्षात मिरवायचं आणि मी उभ्याने! भावोजी, लोक विचारतात, नवऱ्याशी भांडलीस का गं?" कमरेच्या रुमालाची गाठ सोडून तिने पेनड्राइव्ह काढला. साडूने दुकानदाराचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले आणि फाइल आधी त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कागद निघाले. सगळी गाणी होती. शेवटचं पाठवणीचं, त्याच्या दोनच ओळी आणि खाली पांढरं.

"हीपण बिघडली काय रे?"

"नाही दादा. ताई म्हणाल्या, दमले, उरलेलं उद्या सांगते."

मेहुणीने रिकाम्या रुमालाला परत गाठ मारली.

नातीच्या लग्नात त्या दोन ओळीच बायकांनी पुन्हा पुन्हा म्हटल्या. नंतर मला कळलं की साडू रोज संध्याकाळी ती फाइल उघडतो, काही लिहीत नाही, सेव्ह करतो आणि बंद करतो. मी हल्ली माझ्या गावाहून, चिखल्याहून, तेवढ्यासाठी त्याच्याकडे जातो. परवा विचारलं, "काही बदललंच नाही तर सेव्ह काय करतोस?"

"सवय आहे," म्हणाला, आणि चहा सांगायला आत गेला. फाइल तशीच उघडी होती. दुसऱ्या ओळीच्या पुढे, ती थांबली तिथे, ती बारीक उभी रेघ उघडझाप करत होती. मी कशाला हात लावला नाही.