मावशीची खाट

मावशीला देवपुरातल्या निराधार बायकांच्या आश्रमात ठेवलं, तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आई गेल्यावर यावलला केळीच्या बागांत मजुरी करून मावशीनंच मला शिकवलं. मग तिचा उजवा हात लुळा पडला. मी राहायला कॉलेजच्या वसतिगृहात. तिथं तिला कुठे ठेवणार?

आश्रम गावातल्या काही भल्या माणसांनी काढलेला. जेवणखाण नगरपालिकेच्या अनुदानावर चाले, आणि जिला कोणीच नाही तिच्यापुरतंच ते मिळे. पालिकेची माणसं पाहणीला यायची असली की आश्रम सांभाळणारे भाऊ बायकांना समजावून ठेवत: विचारलं तर कोणी नाही म्हणायचं. तशा बऱ्याच जणींना कोणी ना कोणी होतंच.

मावशी मात्र अडून बसली. कुंकू संपलं तरी 'वाढलं' म्हणणारी ती बाई. हयात माणसाला 'नाही' म्हटलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं ती मानायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसायला लागली.

"अक्का, म्हनी दे, 'नही'. इतलामा भाचा काय मरी जाई?"

पाहणीच्या दिवशी मी व्हरांड्यात उभा होतो. साहेब सौम्य होते. खाटेपाशी येऊन त्यांनी विचारलं, "आजी, तुमचं कोणी आहे का?"

भाऊ फरशीकडे बघत राहिले. मावशीनं डाव्या हातानं डोक्यावर पदर घेतला.

"हाये. भाचा हाये. जित्या मानसाले नाही कसं म्हनू?"

साहेबांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. ते नियमाप्रमाणेच वागले. दोन-तीन आठवड्यांनी भाऊंनी मला बोलावून घेतलं. तुझ्या मावशीचं अनुदान बंद झालंय, खाटेसाठी दुसऱ्या बाया थांबल्यात, असं ते अडखळत म्हणाले. त्यांनी तिला इतके दिवस सांभाळलं, याचे उपकार मी अजून मानतो. तेव्हा मला राग आला नाही, रडूही आलं नाही. मी अंथरूण गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. खोली घेतलीय, असं मावशीला सांगितलं.

रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं. पूल ओलांडून पुढे घ्या, म्हटलं. पांझरेत पाणी नव्हतं. मावशी बाहेर बघत होती.

"खोलीत चूल हाये का रे?"

"आहे," मी म्हणालो.

खोली अजून शोधायची होती.