आण्णांच्या ट्रकचं दार

माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, अजूनही स्वतःचा ट्रक चालवतात. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा ट्रक आहे. नाशिकच्या व्यापाऱ्यांचा माल भरून ते हरसूलच्या बाजाराला जातात आणि येताना मिळेल ते भाडं घेऊन परततात. गाडीवर जीव आहे त्यांचा. समोरची काच रोज पुसतात, चाकांत हवा कमी वाटली तर घरी यायच्या आधी पंपावर जातात. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार मात्र असं होतं, की त्याच्याजवळून जाताना मी ओढणी नाकाला लावायचे.

आण्णा गुटखा खातात. बंदी आहे म्हणतात, पण त्यांना पुडी कधी मिळाली नाही असं झालेलं मला आठवत नाही. दाराच्या आतल्या कडेला आणि खालच्या पायरीवर थुंकीचे थर साचून तपकिरी कवच तयार झालं होतं. उन्हाळ्यात त्याला वास यायचा, गोडसर आणि कुजका. पावसाळ्यात ते ओलं व्हायचं, तेव्हा तर गाडी घरासमोरच्या गल्लीत उभी असली की मी अंगणात कपडे वाळत घालायचेही नाही.

यंदा ते दार लटकायला लागलं. वरची बिजागरी इतकी झिजली होती, की दार लावताना दोन्ही हातांनी उचलून आपटावं लागे. तरीही हरसूलच्या वाटेवरच्या घाटात धक्का बसला की ते उघडायचं. मग आण्णांनी दार सुतळीच्या दोराने सीटला बांधून काम चालवलं. शेवटी माझ्या नवऱ्याने त्यांना बळंच नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात नेलं. तिथल्या मिस्त्रीने बिजागरीत बोट घातलं, बाहेर काढलं, बोटाकडे पाहिलं आणि फडक्याला पुसत म्हणाला, की काका, आधी धुऊन आणा, मग बघू. आण्णांना ते फार लागलं. त्यांनी त्याच रस्त्यावरच्या दुकानातून बिजागरीच्या नवीन पिना आणि त्या ज्यांत फिरतात ते बुश घेतले आणि घरी येऊन जाहीर केलं, की दार आता आपणच बसवायचं.

रविवारी नवऱ्याला सिन्नरच्या कारखान्यात जादा पाळी लागली. त्यामुळे दार धरायला मी उरले. सासऱ्यांना नाही म्हणणं आमच्या घरात अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

मी जुना ड्रेस घातला, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे चढवले. आण्णांनी मोज्यांकडे पाहिलं. त्यांनी दाराखाली जॅक लावला, वर लाकडी ठोकळा आणि गोणपाट ठेवलं. पिनांना आदल्या दिवशीच डिझेल पाजून ठेवलं होतं. तरी वरची पिन हलेना. बिजागरीच्या फटीत काहीतरी कोंबलेलं होतं. आण्णांनी पकडीने ओढलं तर गुटख्याच्या रिकाम्या पुड्या निघाल्या, घडी घालून एकावर एक दाबलेल्या. दार खडखडायचं म्हणून त्यांनीच त्या पाचरीसारख्या ठोकल्या होत्या. थुंकीने आणि ग्रीसने त्यांचा लगदा झाला होता. तो लगदा त्यांनी झटकला आणि त्यातला एक तुकडा माझ्या बाहीवर येऊन चिकटला. दार सोडता येत नव्हतं, म्हणून तो तसाच राहिला.

पिना निघाल्या. दार आम्ही दोघांनी उचललं आणि दोन ठोकळ्यांवर आडवं ठेवायला गेलो. ते तिरकं होताच खालच्या कडेच्या भोकांतून पाणी आलं. पाणी कसलं, दाट लालसर राड होती ती. माझ्या दोन्ही पायांवर पडली, चपलेत शिरली, बोटांच्या मध्ये गेली. त्यात कुजलेल्या पुड्या होत्या आणि एक मेलेलं झुरळ होतं.

आण्णा म्हणाले, पावसाचं पाणी साचलं असंल.

मला वासावरून कळलं होतं. दाराच्या आतल्या पत्र्याला, काच वर-खाली करायचं हँडल निघून गेलं होतं तिथे, मुठीएवढं भोक होतं. भोकाच्या कडा लाल होत्या. मी त्या भोकाकडे पाहत राहिले.

"आण्णा, हे पावसाचं पाणी नाहीये," मी म्हणाले. "तुम्ही दारात थुंकता."

त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "द्वारकेच्या गर्दीत दार उघडता येत नाय. बाजूनं मोटारसायकली घुसत्यात. काच तर खाली होतच नाय. मग काय गिळू?"

मोकळ्या रस्त्यावर काय करता, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की तिथे चालत्या गाडीचं दार अर्धं उघडतात, त्याला धरून बाहेर वाकतात आणि थुंकतात. घाटातसुद्धा. इतकी वर्षं त्यांच्या अंगाचा भार त्या वरच्या बिजागरीवर पडत होता. ती रस्त्याने झिजली नव्हती, वयानेही नाही.

मी नळाखाली जाऊन पाय धुतले. साबण लावला, पुन्हा लावला, चपला कचऱ्यात टाकल्या. आत जाऊन दार लावून घ्यावं असं फार वाटलं. पण ट्रकचं दार गल्लीत उघडं पडलं होतं आणि आण्णांना ते एकट्याने चढवता आलं नसतं. मी बाहेर आले.

"दार बसेपर्यंत मी थांबते," मी म्हणाले. "पण आधी ते आतून धुवा. मी हात लावणार नाही."

असं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. ते उठले. पाण्याचा पाइप आणला, तारेचा आकडा केला आणि भोकातून एकेक पुडी ओढून काढायला लागले. सुरुवातीला सवयीचं काम असल्यासारखे काढत होते. मग आकड्याला एक मोठा गोळा लागून आला, काळा, बुरशी चढलेला. तो बाहेर येताच आण्णांनी तोंड फिरवलं आणि त्यांना उमासा आला. ते बाजूला जाऊन गटारीपाशी उभे राहिले, पाठमोरे. मी पाण्याचा तांब्या नेऊन जवळ ठेवला. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा मला वाटला नाही.

मग पुढचं काम सुरू झालं. जुने बुश ठोकून काढले तर वरच्याचं भोक लांबट झालेलं. नवे बसवले, ग्रीस भरलं, दार उचलून बिजागऱ्या जुळवल्या आणि पिना सरकल्या. दार हलकं झालं होतं. एका बोटाने ढकललं तरी लागायला लागलं. आण्णांनी दोन-तीनदा उघडून लावून पाहिलं आणि मला म्हणाले, "लय चांगलं बसलं, पोरी." मी हो म्हणाले. दुपारी मला जेवण गेलं नाही.

आठवडाभर त्यांनी पुडीला हात लावला नाही. जेवताना चिडचिड करायचे, भाजीत मीठ नाय म्हणायचे. दरम्यान नवऱ्याने काचेचं हँडलही बसवून दिलं. मग एका संध्याकाळी ट्रक हरसूलहून परत आला. काच पूर्ण खाली होती आणि आण्णांचा गाल फुगलेला होता. आता ते खिडकीतून थुंकतात. दार उघडत नाहीत, म्हणजे घाटात पडायची भीती तरी गेली, असं नवरा म्हणतो. मला त्याच्याशी वाद घालायची इच्छा होत नाही.

मागच्या महिन्यात हरसूलकडे नात्यातलं एक लग्न होतं. आण्णा म्हणाले, की माझी फेरी आहेच, चल, गाडीतून सोडतो. मी म्हणाले, मी एसटीने येते. त्यांनी एकदा माझ्या नव्या चपलांकडे पाहिलं, बरं म्हणाले आणि ट्रक चालू केला.