खुडबुडचं खरं नाव

कपडे धुण्याच्या कारखान्यात नवी मुलगी आली की इस्त्रीवाली मावशी तिला नखशिखांत न्याहाळायची आणि तिथल्या तिथे नाव देऊन मोकळी व्हायची. खणखणीत आवाजाची ती भोंगा, अंगाने काडी ती टाचणी, सारखी शिंकणारी ती फटफटी. यंत्रांच्या घरघरीत लांबलचक नावं ऐकू येणार कुणाला? मालकाने हजेरीच्या वहीतसुद्धा हीच नावं लिहिली होती, आणि मावशीला त्याचा कोण अभिमान!

अकरा वर्षांपूर्वी एक पोर आली, तिचे हात म्हणून स्वस्थ नाहीत. कॉलर ओढ, बटण चाचप, घडी मोडून पुन्हा घाल. "ही खुडबुड!" मावशी म्हणाली आणि पोरगी खुदकन हसली. तेव्हापासून दोघी शेजारी उभ्या राहून इस्त्री करत, एका डब्यात जेवत. पोरीला मागेपुढे कुणी नव्हतं. मावशीला तरी कोण होतं?

मंगळवारी सकाळी वाफेची नळी फुटली आणि खुडबुड भाजली. मालकाच्या ड्रायव्हरने तिला दवाखान्यात टाकलं आणि तो परतला. मावशी धावतपळत मागून पोचली.

"पेशंटचं नाव?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"खुडबुड."

"अहो बाई, थट्टा करायची जागा आहे का ही? खरं नाव सांगा."

अकरा वर्षांत मावशीने ते कधी विचारलंच नव्हतं. मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "वहीत खुडबुडच आहे."

"भाजलीय हो ती! मला नुसतं बघू द्या."

"भाजलेल्या चार जणी आहेत. नावाशिवाय आत सोडत नाहीत. बसा तिथे, नातेवाइकांना पुकारतात."

मावशी बाकावर बसली. दार उघडलं की उठायची, नर्स कुणाचं तरी भलतंच नाव घ्यायची, की ही पुन्हा बसायची. एक नाव तर तीनदा पुकारलं गेलं. चांगलं ऐसपैस, गोड नाव होतं. कुणी उठलं नाही.

"कसली माणसं असतात एकेक," मावशी शेजारच्या बाईला म्हणाली. "पोरीला टाकून गेली बघा."

चार वाजता तीच नर्स बाकाबाकाशी विचारत आली, "इथे इस्त्रीवाली मावशी कोण?"

"मी! मी आहे!"

"अहो, होतात कुठे? शुद्धीवर होती ती, सारखी मावशी मावशी करत होती. तिनेच नाव सांगितलं, ते तीनदा पुकारलं मी." नर्सचा आवाज खाली आला. "गेली हो. अर्धा तास झाला."

मावशी पुन्हा बाकावर बसली. नर्सला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येत असेल, म्हणून ती वाकून कानाशी म्हणाली, "आजी, गडबडीत ऐकलं नसेल तुम्ही."

"ऐकलं की," मावशी म्हणाली. "तिन्ही वेळा ऐकलं."